आधी डोळा ओळखा, मग रायफल हातात द्या

दहा-बारा वर्षांचं पोर पहिल्यांदा एअर रायफल खांद्याला लावतं, तेव्हा सगळे त्याच्या हातांकडे बघतात. डोळ्यांकडे फारसं कुणी बघत नाही. उजव्या हाताने लिहितं, उजव्या हाताने जेवतं, म्हणून रायफल उजव्या खांद्याला दिली जाते. मग ते मान वाकडी करतं, गाल दस्त्यावरून पलीकडे ढकलतं आणि उजव्या खांद्यावरच्या रायफलीतून डाव्या डोळ्याने बघायला जातं. "मान सरळ ठेव" हे त्याला पन्नास वेळा ऐकवलं जातं. छर्रे मात्र डावीकडेच जात राहतात. महिनाभराने घरचे म्हणतात, याला काही नेम जमायचा नाही.

नेम जमण्यात त्या मुलाचं काहीच कमी नसतं. त्याचा हात उजवा आहे आणि डोळा डावा, एवढंच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून हे तपासलं असतं तर तो महिना वाया गेला नसता.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर नेमबाजी शिकायची म्हणणारी मुलं गावोगाव वाढली आहेत. मनू भाकरने दोन कांस्यपदकं आणली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेतला तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो तर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला: साधा चष्मा, दोन्ही डोळे सताड उघडे, एक हात खिशात. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. एक, डोळा मिटायचा की उघडा ठेवायचा? दुसरा, आमचं पोर डावरं आहे, चालेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात.

नेमाचा डोळा म्हणजे काय

हात लांब करून अंगठा उभा धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तो समोरच्या विजेच्या खांबावर आणा. आता एकेक डोळा मिटून बघा. एक डोळा मिटल्यावर अंगठा खांबावरच राहील, दुसरा मिटल्यावर बाजूला उडी मारेल. जो उघडा असताना अंगठा खांबावर राहिला, तो तुमचा नेमाचा डोळा. डॉक्टरी भाषेत त्याला प्रबळ डोळा म्हणतात.

आपले दोन डोळे पाच-सहा सेंटीमीटर अंतरावर आहेत, त्यामुळे दोघांना दिसणारं चित्र थोडं वेगळं असतं. मेंदू ती दोन चित्रं जुळवतो. जुळवता येत नाहीत तिथे तो एकाचं ऐकतो. बैलजोडीत ओढतात दोघंही, पण वळणावर पहिलं पाऊल त्यातला एक टाकतो, तसंच हे आहे. दुसरा डोळा निकामी असतो असं नाही. नेमाच्या डोळ्याची नजर जास्त तीक्ष्ण असते असंही नाही. ज्या डोळ्याला चष्म्याचा नंबर जास्त, तोही नेमाचा असू शकतो.

साधारण दोन तृतीयांश लोकांचा नेमाचा डोळा उजवा असतो आणि बहुतेक उरलेल्यांचा डावा. डावखुरी माणसं मात्र दहात एखादंच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, हात उजवा आणि डोळा डावा अशी मुलं भरपूर असणार. तीस मुलांच्या वर्गात तशी सात-आठ निघाली तर आश्चर्य वाटायला नको. याला उलटी जोडी म्हणू.

हात आणि डोळा एकाच बाजूचे असावेत असं शरीराचं बंधनच नाही. उजवा हात चालवतो मेंदूचा डावा भाग आणि डावा हात चालवतो उजवा भाग. डोळ्यांचं तसं नाही. प्रत्येक डोळ्यातून माहिती मेंदूच्या दोन्ही भागांकडे जाते. म्हणून पोर कोणत्या हाताने लिहितं यावरून डोळ्याचा अंदाज बांधणं म्हणजे घराच्या दारावरून विहिरीचं पाणी ओळखण्यासारखं आहे.

छर्रा नेमका किती चुकतो?

शाळांच्या स्पर्धेत 'ओपन साइट' नावाचा प्रकार असतो. मागे खाच, पुढे नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं. हीच रायफल उजव्या खांद्यावर आहे, दोन्ही डोळे उघडे आहेत आणि मेंदू डाव्या डोळ्याचं ऐकतो आहे, असं धरू.

दहा वर्षांच्या मुलाच्या दोन डोळ्यांत अंतर सुमारे साडेपाच सेंटीमीटर. माशी डोळ्यापासून पाऊण मीटरवर, लक्ष्य १० मीटरवर. डाव्या डोळ्यातून माशी लक्ष्यावर बसवायची तर माशी उजव्या डोळ्याच्या रेषेपासून जवळजवळ ५.१ सेंटीमीटर डावीकडे न्यावी लागते. म्हणजे पाऊण मीटरवर नळी ५.१ सेंटीमीटर डावीकडे वळली. १० मीटर हे पाऊण मीटरच्या तेरा पटीहून थोडं जास्त. तितक्या पटीने चूक वाढते: ६८ सेंटीमीटर! एअर रायफलच्या लक्ष्याचं अख्खं कार्ड असतं ८ सेंटीमीटरचं. छर्रा भिंतीवर जातो आणि मूल शपथेवर सांगतं, "सर, माशी बरोबर मध्यावर होती." ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसंच दिसलेलं असतं.

एवढी मोठी चूक कायम होत नाही, कारण मूल लवकरच काहीतरी तडजोड शोधतं. मान टाकतं, रायफल तिरकी धरतं किंवा मध्येच एक डोळा मिटतं. मग चूक ६८ सेंटीमीटरवरून ३-४ सेंटीमीटरवर येते, पण दर वेळी वेगळी येते. खरा घात इथे होतो. एकाच बाजूला सारखी जाणारी चूक खाचेचा स्क्रू फिरवून दुरुस्त करता येते. दर वेळी बदलणारी चूक कोणत्याच स्क्रूने जात नाही.

'पीप साइट'मध्ये मागे बारीक भोक असतं, पुढे कडी असते आणि कडीत काळा ठिपका बसवायचा असतो. इथे डाव्या डोळ्याला भोकातून काही दिसत नाही, म्हणून चूक इतकी मोठी होत नाही. पण डाव्या डोळ्याला बाहेरून नळी आणि भिंत स्पष्ट दिसत राहते. मेंदू तिकडे ओढला जातो आणि कडी मधूनच पुसट होते. "सर, गोल गायब होतो" किंवा "दोन नळ्या दिसतात" असं मूल म्हणालं, की आधी डोळा तपासायचा. रायफलला दोष नंतर द्यायचा.

तपासायचं कसं, आणि तपासताना काय चुकतं

पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. मुलाला सरळ उभं करा, पुठ्ठा दोन्ही हातांत, हात पूर्ण लांब. दहा मीटरवर भिंतीवर लावलेलं कार्ड भोकातून बघायला सांगा, दोन्ही डोळे उघडे. दिसलं की शिकवणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्याचा एकेक डोळा झाकायचा. मुलाला "मिट" म्हणायचं नाही, कारण बऱ्याच लहान मुलांना एक डोळा वेगळा मिटताच येत नाही. दोन्ही मिटतात किंवा तोंडच वेडंवाकडं होतं. जो डोळा झाकल्यावर कार्ड नाहीसं होतं, तो नेमाचा डोळा. असं पाच वेळा करा आणि वहीत लिहून ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा पाच वेळा.

दुसरी पद्धत याहून सोपी आहे, आणि तिच्यात काय दिसलं ते मुलाने सांगायची गरजच नसते. मुलासमोर तीन मीटरवर उभे राहा, तुमचा एक डोळा झाका आणि मुलाला सांगा, "दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या उघड्या डोळ्याकडे बोट दाखव." तुम्हाला त्याच्या बोटाचं टोक त्याच्याच एका डोळ्यावर आलेलं दिसेल. तो डोळा नेमाचा. (हे बोटानेच करायचं. रिकामी असली तरी बंदूक माणसाकडे रोखून काहीही तपासायचं नसतं.)

चुका ठरावीक आहेत. कागदाची सुरळी देऊन "यातून बघ" म्हटलं तर मूल ती उजव्या हाताने उजव्या डोळ्याला लावतं. ती हाताची सवय असते, डोळ्याची निवड नसते. लक्ष्य समोर न ठेवता बाजूला ठेवलं तरी उत्तर बदलू शकतं, कारण नजर उजवीकडे गेली की उजव्या डोळ्याचा जोर वाढतो आणि डावीकडे गेली की डाव्याचा. एका बाजूच्या खिडकीतून ऊन डोळ्यावर येत असेल तर तो डोळा बारीक होतो आणि निकाल फिरतो. चष्मा असेल तर चष्मा घालूनच तपासायचं. सहा-सात वर्षांच्या मुलांमध्ये पुठ्ठा नाकासमोर दोन डोळ्यांच्या मधोमध येतो, काहीच ठरत नाही. त्यांना एवढ्यात नेमबाजीत घालायची घाई नको.

दहापैकी नऊ-दहा वेळा एकच डोळा आला तर डोळा पक्का. सहा-चार असं आलं तर डोळा दुबळा-प्रबळ नाही, दोघांत वाटलेला आहे. अशा मुलांचा डोळा थकल्यावर बदलतो, म्हणून पहिले दहा छर्रे छान आणि पुढचे दहा विस्कटलेले असं दिसतं.

हात तरी खरंच उजवा आहे का?

आपल्याकडे ही पडताळणी फार गरजेची आहे. पोर डाव्या हाताने घास घ्यायला लागलं की आजी हात धरते, प्रसाद डाव्या हातात घेतला की ओरडा बसतो. त्यामुळे उजव्या हाताने लिहिणारी आणि जेवणारी पुष्कळ मुलं मुळात डावरी असतात. लिहिण्याचा हात विचारू नका. गोफण कोणत्या हाताने फिरवतो, दगड कोणत्या हाताने भिरकावतो, गोटी कोणत्या बोटाने मारतो, दात कोणत्या हाताने घासतो, फुटबॉलला लाथ कोणत्या पायाने घालतो, हे बघा. ज्या कामात घरच्यांनी टोकलेलं नसतं, तिथे खरा हात दिसतो. अशी चौकशी केली की काही 'उलट्या' जोड्या सरळच निघतात: डोळा डावा, हातही मुळात डावाच.

उलटी जोडी निघाली, तर?

यावर एकच ठाम मत आहे: रायफल शिकणारं मूल नवखं असेल, तर डोळा ज्या बाजूचा त्या खांद्याला रायफल द्यावी. डोळा बदलत नाही, हात शिकतो.

रायफल धरताना दोन्ही हातांना काम असतं. एक हात वजन तोलतो, दुसऱ्याचं एक बोट ट्रिगर मागे घेतं. या बोटाची हालचाल काही मिलिमीटरचीच. लिहिण्यासारखं बारीक कसब त्यात नाही, आणि नवख्या मुलाच्या दोन्ही हातांना ते सारखंच नवं असतं. पहिले आठ-दहा दिवस अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. दोन वर्षं उजव्या खांद्याने खेळलेल्या मुलाला मात्र बदलायला लावणं कठीण. म्हणूनच हा निर्णय पहिल्या आठवड्यात व्हायला हवा.

मन होत नसेल तर मोजून बघा. टेबलावर ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवा, मुलाला खुर्चीवर बसवून पुढचा हात पिशवीवर टेकवू द्या. उजव्या खांद्याने पाच-पाच छर्ऱ्यांचे चार गट, डाव्याने चार. एकाच दिवशी नको, तीन सरावांत विभागून, आणि दर वेळी सुरुवात वेगळ्या खांद्याने. गुण मोजू नका. प्रत्येक गटातल्या सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर, म्हणजे छर्ऱ्याची जाडी, वजा करा. ज्या बाजूचा गट लहान, ती बाजू. गट कार्डाच्या कोपऱ्यात पडला तरी चालेल, तो मध्यावर आणायला साइटचे स्क्रू आहेत.

पिस्तुलाचं गणित वेगळं आहे. तिथे सगळं काम एकाच हाताचं, वजन एक किलोच्या आसपास आणि हात पूर्ण लांब. गाल कशालाच टेकलेला नसल्याने मान मोकळी असते. उजव्या हातात पिस्तूल आणि डावा डोळा असेल तर चेहरा जरासा उजवीकडे वळवला, पावलांचा कोन थोडा बदलला की डावा डोळा साइटच्या मागे येतो. म्हणून पिस्तुलात हात ठरवतो, रायफलीत डोळा. डोक्याला कायम पीळ मात्र पडता कामा नये. मान दुखायला लागली तर पाय सरकवायचे, मान नाही.

धनुष्यातही डोळाच ठरवतो. तीर ओढलेला हात हनुवटीखाली येतो आणि दोरी चेहऱ्याला लागते, त्यामुळे त्याच बाजूचा डोळा तिराच्या रेषेवर असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर लहानपणीच तीरकामठा हातात येतो. तिथून आधुनिक धनुर्विद्येत येणाऱ्या मुलाने दोरी कोणत्या हाताने ओढायची सवय लावून घेतली आहे हे विचारा, आणि ती मोडण्याआधी डोळा तपासा. बहुधा त्याने आपली बाजू स्वतःच बरोबर शोधलेली असते.

एक डोळा मिटला की झालं ना?

"एक डोया मीच, मंग नेम धर" हे गावात गलोल मारणारा प्रत्येक जण सांगतो. गलोलीला ते पुरतं. साठ छर्ऱ्यांच्या स्पर्धेला पुरत नाही.

डोळा दाबून मिटला की त्या बाजूचा गाल वर जातो, कपाळ आवळतं आणि दुसरा डोळाही थोडा बारीक होतो. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा थरथरायला लागतो. शिवाय दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जोडीने लहान-मोठ्या होतात. एका डोळ्यावर अंधार केला की उघड्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि माशीची कड पुसट दिसते. काळा चिंधी-पट्टा बांधण्यातही हाच तोटा आहे.

म्हणून पांढरी, अर्धपारदर्शक आड हवी. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर दुधी रंगाच्या प्लास्टिकची पट्टी टोपीला किंवा चष्म्याला लावायची. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापूनही ती होते. रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, स्पर्धेच्या नियमात तीच मर्यादा आहे. चष्मा असेल तर काचेवर दुधी टेपचा नाण्याएवढा तुकडा पुरतो. तो आरशासमोर चिकटवू नका. मुलाने रायफल धरून गाल टेकवला की बाहुली काचेच्या ज्या भागामागे येते तिथे चिकटवा. सरळ उभं असतानाची जागा वेगळी असते, आणि टेप चुकीच्या जागी लागला तर उपयोग शून्य. अशी आड असली की डोळ्यात उजेड तेवढाच जातो, चित्र मात्र जात नाही. डोळा वाटलेला आहे अशा मुलांनी, आणि बाजू बदलायला तयार नसलेल्यांनी, पहिल्या दिवसापासून हीच सवय लावावी.

दिकेचसारखं दोन्ही डोळे उघडे ठेवून मारणं चुकीचं नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते जमतं. पण बारा वर्षांच्या मुलाने फोटो बघून तिथून सुरुवात करायची नसते.

डोळ्याची सवयच बदलून टाकली तर?

नाही. काही ठिकाणी चांगल्या डोळ्यावर दिवसभर पट्टी बांधून दुसऱ्याला 'तयार' करायचा सल्ला मिळतो. लहान मुलावर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय कधीही करू नका. आठ-नऊ वर्षांपर्यंत डोळा आणि मेंदूचं नातं घडत असतं, चुकीची पट्टी नजरेलाच धोका पोचवू शकते.

तपासणीत एक गोष्ट मात्र हाती लागू शकते, आणि ती नेमबाजीहून मोलाची आहे. एक डोळा झाकला की मूल अस्वस्थ होत असेल, मान फिरवत असेल, "पुसट दिसतं" म्हणत असेल, तर दुसऱ्या डोळ्याची नजर कमी असू शकते. आळशी डोळा म्हणतात तो प्रकार. मुलाला तो कळत नाही, कारण चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो. वय सात-आठच्या आत सापडला तर उपचाराचा गुण चांगला येतो. नेत्रतज्ज्ञांकडे लगेच न्या.

डावऱ्यासाठी वेगळी बंदूक लागते का?

साध्या, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीला बहुधा लागत नाही. दस्त्यावर गालासाठी उंचवटा एकाच बाजूला असेल तेवढा अडतो. हवेच्या सिलेंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीत छर्रा भरायची कडी, गालपट्टी आणि मूठ एका बाजूसाठी घडवलेल्या असतात, काही मॉडेलमध्ये त्या उलटवता येतात. विकत घेण्याआधी हे विचारा. पिस्तुलात तर उजव्या तळव्यासाठी कोरलेली लाकडी मूठ डाव्या हातात बसतच नाही, डावी मूठ वेगळी मागवावी लागते.

यापेक्षा जास्त नुकसान लांब दस्त्याने होतं. मोठ्या माणसाची रायफल मुलाला दिली की ते मागे झुकतं, गाल पुढे ओढतं आणि डोळा साइटमागे येतच नाही. मग डोळ्याचा दोष आहे की मापाचा, हे कळत नाही. माप सोपं आहे: दस्त्याचा तळ कोपराच्या खोबणीत टेकवा आणि हात पुढे करा. पहिल्या बोटाचं टोकाकडचं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. वजनही बघा. नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण तीस-पस्तीस किलोच्या मुलाने तीन किलोची रायफलसुद्धा पहिले दोन महिने पिशवीवर टेकवूनच मारावी. उभं राहून नंतर.

मुलांच्या हातात बंदूक द्यावीच का?

ही शंका खरी आहे आणि तिला हसून उडवू नये. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, पण डोळा घालवायला पुरेसा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं ठरत नाही. घरी ती कुलपात असावी, छर्रे वेगळ्या कुलपात. केळीच्या बागेत होले, बुलबुल मारायला ती दिली तर पहिल्याच दिवशी वाईट धडा मिळतो, आणि रानपक्षी मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

सरावात तीन गोष्टींना सूट नाही. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. साइट जुळेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. "थांबा" ऐकलं की रायफल खाली, आणि नळीतून रंगीत दोरी ओवलेली, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. हे पाळणारं मूल इतर वेळीही शांत होत जाताना दिसतं, कारण या खेळात रागाने काहीच साधत नाही.

नळी मोडून भरायच्या रायफलीत अजून एक धोका आहे, तो फार कमी ठिकाणी सांगितला जातो. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची. ट्रिगर चुकून दाबला गेला तर उघडी नळी झटक्याने मिटते आणि बोटं चेंगरतात. स्प्रिंग दाबायला मुलाची ताकद कमी पडते, म्हणून ते काम मोठ्यांनीच करावं.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरायचे नाहीत, सराव चालू असताना खाण्याचा डबा उघडायचा नाही, संपल्यावर साबणाने हात धुवायचे. छर्रे अडवणाऱ्या पेटीजवळची जमीन झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा.

पहिला महिना

एका बैठकीत वीस-पंचवीस छर्रे, अर्धा-पाऊण तास. त्यापुढे मुलाचं मन उडतं आणि चुकाच पाठ होतात. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातं तेव्हा सराव सकाळी साडेआठच्या आत आटपा. घामाने गाल दस्त्यावरून घसरतो, चष्मा धुरकट होतो. हवेचा सिलेंडर २०० बारपर्यंत भरलेला असतो, तो उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका.

दर छर्ऱ्याआधी एक गोष्ट करून घ्या. रायफल खांद्याला लावून, गाल टेकवून मुलाने दोन्ही डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, मग उघडायचे. माशी लक्ष्याच्या बाजूला दिसली तर हाताने ओढून आणायची नाही. पिशवी किंवा पाय सरकवायचे. नेम धरताना नजर माशीवर, लक्ष्य पुसटच दिसलं पाहिजे. माशी एक मिलिमीटर हलली तर १० मीटरवर छर्रा सव्वा सेंटीमीटरहून जास्त चुकतो. लक्ष्य पुसट दिसण्याने एवढं काहीच बिघडत नाही. आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात. छर्रा सुटल्यावरही दोन सेकंद गाल तिथेच. पटकन डोकं वर काढणारी मुलं नेम बरोबर धरूनही चुकतात.

वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं नाव, हात, डोळा, दहापैकी किती वेळा कोणता आला, चष्म्याचा नंबर आणि तारीख लिहा. चष्मा नवा झाला, उंची झपाट्याने वाढली किंवा छर्रे कारण नसताना एका बाजूला जायला लागले, की स्क्रूला हात लावण्याआधी पुठ्ठा काढून पुन्हा पाच वेळा तपासा.